समोरच्यांचा आवाज

(छत्रपती संभाजीनगर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान. छपाईसाठी किरकोळ दुरुस्त्या केल्या आहेत; बोलण्याचा ढंग तसाच ठेवला आहे.)



या व्यासपीठावर आजवर संतसाहित्य, मराठवाड्याचं पाणी, हैदराबाद मुक्तिसंग्राम असे भारदस्त विषय झाले. मी रॉक संगीताच्या एका ध्वनिमुद्रिकेवर बोलणार म्हटल्यावर संयोजकांनी निमंत्रणपत्रिका छापायला देण्याआधी पुन्हा फोन करून खात्री करून घेतली. ज्या सरांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते पदार्थविज्ञान शिकवत. ध्वनीच्या वेगावर चार शब्द बोललो की माला बाटणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. ते चार शब्द येतीलच.

मुद्रिकेचं नाव ‘लाइव्ह ॲट वेम्ब्ली ८६’. बँड क्वीन. चौघं जण: गायक फ्रेडी मर्क्युरी, गिटारवर ब्रायन मे, बासवर जॉन डीकन, ड्रमवर रॉजर टेलर. १९८६च्या उन्हाळ्यात त्यांनी युरोपात २६ कार्यक्रम केले. त्यांपैकी ११ आणि १२ जुलैचे लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर, दर रात्री सुमारे ७२ हजार लोकांसमोर. मुद्रिका दुसऱ्या रात्रीची, शनिवारची. पण ती दुकानात आली २६ मे १९९२ला. तो दौरा मर्क्युरीचा बँडबरोबरचा शेवटचा ठरला. एड्समुळे झालेल्या न्यूमोनियानं २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो वारला, वयाच्या ४५व्या वर्षी. २० एप्रिल १९९२ला त्याच वेम्ब्लीवर त्याच्या स्मृतीसाठी मोठा कार्यक्रम झाला आणि महिनाभरानं ही मुद्रिका आली.

त्यामुळे ती विकत घेणाऱ्या प्रत्येकाला शेवट ठाऊक होता. मुद्रिकेत ज्यांचे आवाज आहेत त्यांना तो ठाऊक नाही. त्या रात्री मर्क्युरी गाणं थांबवून बँड फुटणार असल्याच्या अफवांचा समाचार घेतो, मरेपर्यंत आम्ही एकत्रच राहणार असं शिवी हासडून सांगतो, आणि लगेच जे गाणं सुरू होतं त्याचा विषय आहे अमर व्हायचंय कुणाला! नाटककारानं हे लिहिलं असतं तर आपण त्याला भडक म्हणून मोडीत काढलं असतं. घडलेल्या गोष्टीला तेवढी सूट द्यावी लागते.

आणखी एक. ज्या वेम्ब्लीचा आवाज या मुद्रिकेत आहे ते स्टेडियमच आता नाही. १९२३ साली उघडलेली ती वास्तू २००३पर्यंत पूर्ण पाडली गेली, तिथं नवं स्टेडियम उभं राहिलं, ते २००७ला सुरू झालं. प्रत्येक वास्तूचा स्वतःचा आवाज असतो. वेरूळच्या दहाव्या लेण्यात, आपण ज्याला सुताराचं लेणं म्हणतो त्या चैत्यगृहात, तुम्ही सगळे गेला आहात. छताला लाकडी वाशांसारख्या दगडी फासळ्या कोरल्या आहेत. तिथं कुणी एखादा स्वर लांबवला की तो संपल्यावरही थोडा वेळ छताखाली रेंगाळतो. भिंती जवळ असल्यामुळे परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून जातो. तो वेगळा ऐकू यायचा तर साधारण सतरा मीटरच्या पलीकडून परतावा लागतो. वेम्ब्लीत नेमकं उलट. तिथं सगळंच दूर.

आता सरांचा विषय. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. रंगमंच मैदानाच्या एका टोकाला असेल आणि तुम्ही १७० मीटरवर बसला असाल, तर ड्रमचा ठोका तुमच्यापर्यंत यायला अर्धा सेकंद लागतो. ‘रेडिओ गा गा’ या गाण्याची लय सेकंदाला जवळपास दोन ठोके अशी आहे. त्यात अर्धा सेकंद म्हणजे जवळजवळ एक अख्खा ठोका. म्हणजे पुढच्यांची टाळी पडते तेव्हा मागच्यांच्या कानावर आधीचा ठोका पडत असतो. त्यांनी आपल्या कानाप्रमाणे बरोबर वाजवलेली टाळी रंगमंचाकडे परत यायला आणखी अर्धा सेकंद. गायकाला ती पूर्ण सेकंदभर उशिरा ऐकू येते. ७२ हजार माणसं, प्रत्येक जण आपल्या जागी अचूक तालात, आणि सगळी मिळून बेताल. मैदानातल्या संगीताची मूळ अडचण ही आहे. ती पैशानं थोडी कमी होते, पूर्ण जात नाही. मध्यावर कर्णे उभारून त्यांचा आवाज मुद्दाम उशिरानं सोडतात, म्हणजे पुढून येणारा आणि मधून येणारा आवाज मागच्यांना एकदमच ऐकू येतो.

या गाण्यात डोक्यावर हात नेऊन दोन टाळ्या द्यायच्या असतात. ही लकब १९८४च्या त्याच्या व्हिडिओतून आली. १३ जुलै १९८५ला इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी वेम्ब्लीवरच ‘लाइव्ह एड’ झालं, त्यात क्वीनच्या वाट्याला वीसेक मिनिटं होती. तिथं अख्ख्या मैदानानं न सांगता त्या टाळ्या दिल्या. चित्रफीत पाहा: हातांची लाट पुढून मागे सरकत जाते. ध्वनीचा वेग डोळ्यांना दिसण्याची संधी फार थोड्या ठिकाणी मिळते. प्रयोगशाळेत त्यासाठी अनुनाद नळी आणि पाण्याचं भांडं लागायचं, ते सरांच्या विद्यार्थ्यांना आठवत असेल.

हे कोडं बँडनं आधीच हाताळलं होतं. १९७७ साली इंग्लंडातल्या स्टॅफर्ड गावच्या बिंगली हॉलमध्ये कार्यक्रम संपल्यावर लोक घरी जाईनात. ते एकत्र गाऊ लागले, फुटबॉलच्या मैदानावर गातात ते गाणं. ब्रायन मे त्यातून हे शिकला की लोकांना गाण्यात घ्यायचं असेल तर त्यांना जमेल असं काहीतरी द्यायला हवं. दाटीवाटीत उभा माणूस काय करू शकतो? पाय आपटू शकतो, टाळी वाजवू शकतो. दोनदा पाय, एक टाळी. ‘वी विल रॉक यू’ एवढ्यावर उभं आहे. स्टुडिओत मोजक्या माणसांनी फळ्यांवर पाय आपटले आणि त्याचे अनेक थर केले. प्रत्येक थर थोडा उशिरानं ठेवला, पण हे उशीर अविभाज्य संख्यांच्या प्रमाणात राखले, म्हणजे कुठलाच दुसऱ्याच्या पटीत येऊन प्रतिध्वनी वाटणार नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, दूरदूर उभी असलेली हजारो माणसं पाय आपटताहेत. हा मे खगोलभौतिकीचा विद्यार्थी. अर्धवट सोडलेली पीएचडी त्यानं २००७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून पूर्ण केली. स्टुडिओत बनवलेली ही गर्दी वेम्ब्लीत खऱ्या गर्दीच्या हवाली होते.

मैदानी कार्यक्रमाची मुद्रिका ऐकताना मी बँडकडे थोडं दुर्लक्षच करतो. वादन स्टुडिओतल्या मुद्रिकेत जास्त नेटकं असतं, आवाजही तिथं जास्त स्वच्छ. इथं अधिकचं काय असेल तर ते समोरच्यांचं. रंगमंचावरच्या प्रत्येक वाद्याला माइक असतोच. काही माइक मात्र रंगमंचाकडे पाठ करून लोकांकडे तोंड करून लावलेले असतात. त्यांत जे येतं ते किती ठेवायचं, हा नंतर मिश्रण करणाऱ्याचा निर्णय. तोच खरा संपादक.

‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’चं उदाहरण घ्या. १९७५चं, जवळजवळ सहा मिनिटांचं गाणं. त्याचा मधला ऑपेराचा तुकडा असंख्य आवाजांच्या थरांनी बनलेला आहे. चार माणसांनी तो प्रत्यक्ष गाणं अशक्य. म्हणून बँड तिथं सरळ निघून जायचा. रंगमंच रिकामा, दिव्यांचा खेळ आणि स्टुडिओतली टेप. मग चौघे परत येऊन गिटारचा भाग प्रत्यक्ष वाजवत. शुद्धतावाद्यांनी यावर नाकं मुरडली. मला मात्र हा तुकडा अख्ख्या मुद्रिकेतला सगळ्यात जिवंत वाटतो, कारण त्या मिनिटभरात प्रत्यक्ष गात असतात ते फक्त श्रोते. डिसेंबर १९८६मध्ये याच दौऱ्यावरची ‘लाइव्ह मॅजिक’ नावाची घाईची मुद्रिका निघाली होती. एका तबकडीत बसवण्यासाठी तिच्यात गाणी कापली आणि नेमका हाच भाग उडवला. दौऱ्याला गेलेल्यांना ती आवडली नाही यात नवल नाही.

आमच्याकडे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, कापण्याचं काम कॅसेट भरून देणारे करत. वेम्ब्लीची मुद्रिका सुमारे पावणेदोन तासांची आणि कॅसेट नव्वद मिनिटांची. दुकानदाराला जे लांबण वाटेल ते गेलं. लांबण म्हणजे अर्थातच लोकांचा आवाज.

तो लांबण का नाही, हे कळायला गायकानं लोकांशी चालवलेला सवाल-जवाब ऐकावा. मर्क्युरी एक तान फेकतो, लोक ती परत करतात. तो थोडी अवघड करतो, लोक धडपडतात. तो हसतो, सोपी करतो, पुन्हा अवघड. शब्द नाहीत, वाद्यं नाहीत. पैठणला नाथषष्ठीला गेलेल्यांना हे नवं नाही. कीर्तनकार ध्रुपद अर्ध्यावर सोडतो, टाळकरी उचलतात, त्यांच्या मागची बाया-माणसं उचलतात. कीर्तनकार नुसता उभा राहतो आणि अभंग त्याच्याशिवाय चालू राहतो.

याहून मुद्द्याचं उदाहरण आपल्या खुलताबादेत आहे. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या काळात दौलताबादला आले, १३३७ला वारले, खुलताबादेत त्यांचा दर्गा आहे. समा म्हणजे सूफी श्रवणाची मैफल, तिचे ते मोठे पुरस्कर्ते. समेत डोलण्याची त्यांच्या अनुयायांची रीत इतकी वेगळी होती की ती त्यांच्याच नावानं ओळखली गेली. सूफी ग्रंथांत समेविषयी जे नियम येतात ते मुख्यतः ऐकणाऱ्यासाठी आहेत: वेळ कोणती, जागा कोणती, सोबत कोण. आणि ऐकणाऱ्याला ज्या ओळीवर भरून आलं, ती ओळ त्याची अवस्था उतरेपर्यंत कव्वालानं म्हणत राहायची. गाणं किती वेळ चालेल हे ऐकणारा ठरवतो. मैफलीची सूत्रं श्रोत्याच्या हाती देणारा विचार आपल्या जिल्ह्यात पावणेसातशे वर्षांपूर्वी नांदत होता, आणि आपण रॉकच्या मैदानातल्या आरडाओरड्याला परदेशी थेर म्हणतो!

सगळ्याच मैफली अशा नसतात, आणि तसं असायची गरजही नाही. १९७४ साली लता मंगेशकर लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायल्या. दिलीपकुमार यांनी त्यांची ओळख करून दिली होती. त्या मैफलीचीही मुद्रिका निघाली, आणि गंमत म्हणजे तिची आपल्याकडची ग्रामोफोन कंपनी आणि क्वीनची कंपनी एकाच ईएमआयच्या पंखाखालच्या. त्या मुद्रिकेत समोरचे लोक गात नाहीत. मुखडा ओळखला की टाळ्या, आणि मग शांतता. बाईंच्या बरोबर कोण गाणार! त्या शांततेतही लोक आहेत, ते ऐकू येतं. पण ते गाण्याच्या बाहेर उभे आहेत. वेम्ब्लीतले आत शिरलेले आहेत.

आता पाचगणी. तुम्ही वाट पाहत असाल, कारण मर्क्युरीचं नाव निघालं की मराठी माणूस पाचगणीवर येतोच. फारूख बलसारा, जन्म ५ सप्टेंबर १९४६, झांजिबार. पारशी घर, वडील ब्रिटिश सरकारच्या नोकरीत रोखपाल. आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत वसतिगृहात घातलं. फ्रेडी हे नाव तिथंच पडलं. बाराव्या वर्षी मुलांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा बँड काढला, पाच जणांचा. फ्रेडी पियानो वाजवायचा. मुख्य गायक दुसराच होता. त्या पाचांतले व्हिक्टरी राणा पुढे नेपाळच्या सैन्यात लेफ्टनंट जनरल झाले, एक जण इंग्लंडात अभिनेता झाला, एकानं पुण्यात सिझलरचं हॉटेल चालवलं. १९६३च्या सुरुवातीला फ्रेडी झांजिबारला परतला. १९६४च्या क्रांतीनंतर बलसारा कुटुंब लंडनजवळच्या फेल्टममध्ये जाऊन राहिलं.

तो आपला होता असा दावा करायला मी उभा नाही. हयातभर त्यानं भारताविषयी जाहीरपणे फारसं काही सांगितलं नाही, आणि ज्यानं स्वतः दावा केला नाही त्याच्यावर आपण तरी का करावा? तरीही वेम्ब्लीच्या मुद्रिकेच्या मध्यावर एक जागा आहे. मोठे दिवे बाजूला ठेवून चौघे पुढे येतात आणि जुनी, दुसऱ्यांची गाणी वाजवू लागतात. एल्व्हिस प्रेस्लीचं १९५७चं, रिकी नेल्सनचं १९६१चं, आणि लिटल रिचर्डचं १९५५चं ‘टुटी फ्रुटी’. ही सालं पाचगणीच्या सालांशेजारी मांडून पाहा. तेव्हा रेडिओ सिलोनवरून पाश्चात्त्य गाणी येत, आणि रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं हा मुलगा पियानोवर बसून वाजवून दाखवायचा, अशा आठवणी त्याच्या शाळासोबत्यांनी सांगितल्या आहेत. हेक्टिक्स लिटल रिचर्ड वाजवत असत. बाकीच्या तिघांनी तीच गाणी इंग्लंडात ऐकली असणार, त्यामुळे निवड एकट्या फ्रेडीची होती असं म्हणता येणार नाही. पण वसतिगृहातल्या मुलांसमोर वाजवलेला तो साठा तीस वर्षांच्या आत ७२ हजारांसमोर आला, एवढं खरं. पुराव्यानिशी बोलायचं तर वेम्ब्लीतली पाचगणी तेवढीच.

महाराष्ट्रातल्या गर्दीचा आवाज अशा जगभर गेलेल्या मुद्रिकेत कुठं आहे का? आहे. आयर्न मेडन हा १९७५ साली लंडनमध्ये निघालेला बँड. त्यांनी २००८चा जगदौरा १ फेब्रुवारीला मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर सुरू केला. दौरा त्यांच्या स्वतःच्या रंगवलेल्या बोइंग ७५७ विमानातून, आणि वैमानिक खुद्द गायक ब्रूस डिकिन्सन. २००९ला ‘फ्लाइट ६६६’ नावाचा माहितीपट आणि मुद्रिका निघाली. तिच्यात वेगवेगळ्या शहरांतल्या रात्री एकामागून एक जोडल्या आहेत, आणि सुरुवात मुंबईची आहे. ‘एसेस हाय’ हे गाणं: ब्रिटनच्या आकाशात जर्मन विमानांशी लढलेल्या वैमानिकांचं. त्याच्या आधी नेहमीप्रमाणे चर्चिलचं ४ जून १९४०चं, किनाऱ्यांवर लढण्याचं भाषण लावलं जातं.

मुंबईत चर्चिल! ज्याच्या कारकिर्दीत १९४३च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली, ज्यानं हिंदुस्थानच्या स्वातंत्र्याला वर्षानुवर्षं विरोध केला, त्याच्या आवाजावर हजारो मराठी, गुजराती, मल्याळी, नागा पोरं बेभान ओरडतात. पहिल्यांदा ऐकताना मलाही खटकलं. पुन्हा ऐकलं तेव्हा लक्षात आलं की चर्चिलला तिथं कुणीच ऐकत नाही. तो आवाज म्हणजे पडदा उघडल्याची खूण. नांदी सुरू झाली की प्रेक्षक टाळ्या देतात तशी. साम्राज्याचं भाषण मागे तंबोऱ्याच्या तारेसारखं वाजत राहतं आणि पोरं आपल्या लाडक्या बँडला हाका मारतात. इतिहासाची इतकी पूर्ण बेपर्वाई मी दुसऱ्या कुठल्या मुद्रिकेत ऐकलेली नाही. ती चांगली की वाईट, यावर आज रात्री जेवताना भांडा.

मुंबईला त्याआधी धोबी तलावचं रंगभवन होतं. १९८६ साली, म्हणजे वेम्ब्लीच्याच वर्षी, ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला आणि पुढे रंगभवन त्याचं घर झालं. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय, त्यामुळे २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर शांतता क्षेत्रात आलेली ती खुली जागा गाण्याला मुकली. रुग्णाच्या बाजूनं विचार केला तर नियम योग्यच. गाण्यासाठी दुसरी जागा शहरानं द्यायला हवी होती, ती मात्र दिली नाही.

आणि आपलं शहर? इथं गर्दी कमी नाही. दर १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठाच्या गेटसमोर जो जनसागर लोटतो, तिथं ठिकठिकाणी भीमगीतांचे मंच असतात आणि ध्रुवपदाला समोरची माणसं गायकाच्या वरताण गातात. आंबेडकर जयंतीला क्रांती चौकात तेच. वेरूळ महोत्सवाच्या मैफली झाल्या, कव्वालीच्या रात्री झाल्या, नाथषष्ठी तर आहेच. या सगळ्यांची रेकॉर्डिंग हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहेत. पण जे व्यवस्थित, मिक्सरमधून घेतलेलं असतं, त्यात फक्त मंच असतो. समोरचा आवाज गायकाच्या माइकमधून चुकून शिरला तेवढाच, दूर, विहिरीतून आल्यासारखा. गेटसमोर जनता गात होती याचा पन्नास वर्षांनंतर ऐकण्याजोगा पुरावा मागितला तर आपण काय देणार? बातम्यांची कात्रणं देऊ.

समोरचा आवाज टिपून ठेवायला खर्च फार नाही. ध्वनियोजना करणाऱ्याकडे माइक असतातच. त्यांतले दोन उंच खांबांवर बांधायचे, लोकांकडे तोंड करून, मंचापासून निदान तीस-चाळीस मीटर मागे. त्यांचे ट्रॅक वेगळे ठेवायचे, नंतर मंचाच्या ट्रॅकशी वेळ जुळवून घ्यायची. सेकंदाला ३४० मीटर हे सूत्र त्यासाठी पुरेसं आहे, आणि संगणकावर हे काम दहावीतला मुलगाही करील. खोकले, रडणारी पोरं, चुकलेल्या माणसाच्या नावाचे पुकारे काहीही कापायचं नाही. फाईलला तारीख, जागा, माइक कुठं होता हे लिहून ठेवायचं. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी येत्या १४ जानेवारीला एका मंचापासून सुरुवात केली तरी चालेल.

संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी फिरता माइक ठेवला आहे. शिवाय त्या मागच्या दोन खांबांवर काय बांधलंय, असं मघाशी कुणीतरी विचारत होतं. ते सुरुवातीपासून चालू आहेत. तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या ज्या दोघांची चर्चा मी बोलताना रंगली होती, त्यांनी पहिला प्रश्न विचारावा.